हे दोन आहेत, कशावरून?

चैत्री पौर्णिमेची जत्रा पांगली की तुळजापूर आठ-दहा दिवस जरा दम खातं. घाटातून वर येणाऱ्या गाड्या कमी होतात, महाद्वाराकडचा गलका उतरतो आणि वद्य पक्ष असल्यानं चंद्रही उशिरा उगवतो. अशा रात्री आमच्या शेजारचे मामा गच्चीवर दुर्बीण काढतात. मामा म्हणजे भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले मास्तर. सगळ्या गल्लीचे मामा. यंदा त्यांची सख्खी भाची पुण्याहून आली होती. ती गुरुत्वीय लहरींवर संशोधन करते. दोघांचा एकमेकांवर फार जीव, आणि एकाही गोष्टीवर एकमत नाही. त्या रात्री वाद निघाला जोडताऱ्यांवरून. दोन तारे एकमेकांभोवती फिरताहेत हे त्यांना न पाहता ओळखता येतं का, आणि आलं तरी त्याला ओळखणं म्हणायचं का? मी मध्ये फारसा बोललो नाही. ऐकलं ते जवळजवळ तसंच मांडतो आहे; आकडे तेवढे नंतर पडताळून घेतले.

मामा : ये, इकडं उभी राहा. सप्तर्षीच्या शेपटात टोकाकडून दुसरा, तो वसिष्ठ. त्याला चिकटून बारीक अरुंधती. लग्नात नवरा-नवरीला दाखवतात ती. डोळ्यांना दोन दिसतात. आता दुर्बिणीत बघ, एकट्या वसिष्ठाचेच दोन झाले. ह्याला म्हणतात ओळखणं. तू मघाशी जेवताना सांगत होतीस ती नुसती आकडेमोड.

भाची : दिसले दोन. पण मामा, त्या दोघांतला जो जास्त तेजस्वी आहे, तोही दोन आहे. तो फोडा बघू ह्या दुर्बिणीतून.

मामा : माहीत आहे. वर्णपटातून कळलं ते.

भाची : १८८९ साली, हार्वर्डच्या पिकरिंगना. वर्णपटातली एक रेष कधी एकेरी दिसायची, कधी दुहेरी. एक तारा आपल्याकडं येतोय आणि दुसरा लांब जातोय, म्हणून रेषा फाकतात, हा त्यांचा अंदाज. वर्णपटावरून सापडलेला तो पहिला जोडतारा. दोन ठिपके त्यांना दिसले नव्हते. तरी तुम्ही चाळीस वर्षं वर्गात तो जोडतारा म्हणूनच शिकवला.

मामा : शिकवला, कारण पुढं खास यंत्रणा लावून ते दोघं वेगळे पाहिलेसुद्धा. आधी अनुमान, मग दर्शन. तुझ्या लहरींत दर्शन कुठाय?

भाची : दर्शनाचा हट्ट का पण? आधी डोळा होता, मग भिंग आलं, मग वर्णपट. प्रत्येक वेळी दोघांमधलं अंतर आणखी कमी झालं आणि प्रत्येक वेळी पुरावा डोळ्यापासून एक पायरी लांब गेला. लहर म्हणजे आणखी एक पायरी.

मामा : पायरी की उडी, ते ठरायचंय. बरं, मला सांग, ह्या वसिष्ठाची लहर तुमच्या यंत्राला कळेल?

भाची : नाही.

मामा हसले. पहिलं माप आपल्या पदरात पडल्याचं ते हसू होतं. पण हा 'नाही' महत्त्वाचा आहे, आणि भाचीनं तो लपवला नाही हे मला आवडलं. वसिष्ठातली ती जोडी साडेवीस दिवसांत एक फेरी पूर्ण करते. दोन तारे एका फेरीत गुरुत्वीय लहरीची दोन आवर्तनं पाठवतात, म्हणजे एका आवर्तनाला सव्वादहा दिवस लागले. युरोपीय अवकाश संस्था २०३५ मध्ये सोडणार असलेली 'लिसा' ही अवकाशातली वेधशाळा साधारण ०.१ मिलिहर्ट्झपासून वरचं टिपेल. तिथं एका आवर्तनाला फार तर पावणेतीन तास लागतात. वसिष्ठाची लहर त्याच्याही जवळजवळ शंभरपट मंद. लग्नातला तारा लिसाच्या हिशेबी मुकाच राहणार.

मामा : मग तुम्हाला कळणार तरी कोण?

भाची : जे तुम्हाला दिसत नाहीत ते. श्वेत बटूंच्या जोड्या. सूर्यासारखा तारा जळून संपला की त्याचा गाभा उरतो. पृथ्वीएवढा गोळा, पण वजन अर्ध्या सूर्याच्या आसपास. असे दोन गोळे इतके जवळ येऊ शकतात की काही मिनिटांत एकमेकांना फेरी मारतील. कर्क राशीत एचएम कॅन्क्री नावाची जोडी आहे. तिची फेरी ३२१ सेकंदांची.

मामा : सव्वापाच मिनिटांत वर्ष संपलं म्हण की त्यांचं.

भाची : आणि अशा जोड्या आपल्या आकाशगंगेत कोट्यवधी आहेत. मंद फिरणाऱ्या, जलद फिरणाऱ्या, सगळ्या धरून. बहुतेक इतक्या फिक्या की कुठल्याच दुर्बिणीला दिसणार नाहीत. आकाशगंगेच्या मध्याकडं तर धूळच आडवी येते. गुरुत्वीय लहरीला धूळ अडवत नाही.

मामा : हे मात्र कबूल. पण त्यासाठी अंतराळात कशाला जायचं? आपल्या हिंगोलीत लायगो-इंडिया ही लहरींची वेधशाळा होणारच आहे की. औंढा नागनाथाजवळ. २०२३ साली केंद्रानं २६०० कोटी मंजूर केले, पेपरात होतं. त्याच्यावर ऐका.

भाची : त्याच्यावर हे ऐकू येणार नाही. लायगोच्या भुजा चार किलोमीटरच्या, आणि त्याचा कान उघडतो सेकंदाला दहा आवर्तनांच्या आसपास. त्याखाली जमीन बोलायला लागते. तुम्हाला किल्लारी आठवतं ना?

मामा थोडा वेळ गप्प झाले. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. आमच्या जिल्ह्यातला उमरगा-लोहाऱ्याचा भाग, सास्तूरसारखी गावं, एका मिनिटाच्या आत दगडमातीच्या ढिगाखाली गेली. सगळी मिळून जवळपास दहा हजार माणसं गेल्याचं सांगतात. ह्या भागातल्या कुणाला जमीन हलते हे पुस्तकातून शिकवावं लागत नाही.

भाची : तो मोठा धक्का झाला. पण जमीन रोजच थरथरते. समुद्राच्या लाटांनी, वाऱ्यानं, रेल्वेनं. आरसा टांगून, गाद्या घालून बरीचशी थरथर अडवता येते. पण दुसरं एक आहे ते अडवताच येत नाही. कोजागरीला सोलापूरहून लोक चालत येतात, लाखांनी. तेवढा लोंढा वेधशाळेच्या शेजारून गेला, तर पावलांचा हादरा एक वेळ थोपवता येईल; पण त्या माणसांचं स्वतःचं गुरुत्वाकर्षण आरशाला ओढतं. जमिनीखालून जाणारी कंपनंसुद्धा मातीची घनता बदलत जातात, तीही ओढतात. गुरुत्वाला आडोसा करता येत नाही, मामा. तुम्हीच शिकवलं होतं.

मामा : शिकवलं होतं खरं.

भाची : आणि आमची लहर पाच-दहा मिनिटांना एकदा वर-खाली होणार. तेवढ्या वेळात जमिनीवर काय काय हलतं! म्हणून लांब जायचं. लिसाची तीन यानं, २५ लाख किलोमीटर अंतरावर एकमेकांपासून, त्रिकोणात. पृथ्वीच्या मागून सुमारे पाच कोटी किलोमीटरवर, सूर्याभोवती फिरणारा त्रिकोण. प्रत्येक यानात सोनं-प्लॅटिनमच्या मिश्रधातूचे दोन ठोकळे, प्रत्येकी दोनेक किलोचे, कशालाही न टेकता तरंगणारे. यान त्या ठोकळ्यांना सांभाळत त्यांच्याभोवती उडतं. एका यानातल्या ठोकळ्यापासून दुसऱ्यातल्या ठोकळ्यापर्यंतचं अंतर लेझरनं मोजायचं, काही पिकोमीटरपर्यंत. अणूच्या आकारापेक्षाही कमी.

मामा : पंचवीस लाख किलोमीटरवर अणूपेक्षा कमी? आणि ती तीन यानं आपापल्या कक्षेत हिंडतायत. अंतर स्थिर कसं राहणार?

भाची : राहतच नाही. हजारो किलोमीटरनी कमी-जास्त होतं.

मामा : मग संपलंच की सगळं!

भाची : तिथंच पुणं येतं. लेझरची स्वतःची वारंवारता जरा डळमळते, आणि ती डळमळ लहरीपेक्षा लाखो पटींनी मोठी असते. लायगोत दोन्ही भुजा सारख्या, त्यामुळं ती आपोआप वजा होते. लिसात भुजा असमान. म्हणून सगळी मोजमापं पृथ्वीवर आणायची आणि गणकात ठरावीक उशिरानं सरकवून अशी जुळवायची, की जणू प्रकाश समान वाटेनं फिरून आला. ही कल्पना अमेरिकेत टिंटो आणि आर्मस्ट्राँग यांनी मांडली. पण अशा जुळवण्या किती असू शकतात, सगळ्या कशा शोधायच्या, ह्याचं बीजगणित २००२ साली आयुकाच्या संजीव धुरंधरांनी, राजेश नायक आणि फ्रान्सच्या विने यांच्याबरोबर लिहिलं. यान उडायच्या तेहतीस वर्षं आधी.

इथं थोडं थांबून सांगायला हवं. जयंत नारळीकरांनी पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८८ साली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. गुरुत्वीय लहरी प्रत्यक्ष सापडल्या १४ सप्टेंबर २०१५ ला. मधली पंचवीसेक वर्षं धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी, न सापडलेली गोष्ट गोंगाटातून कशी वेगळी काढायची, ह्याचं गणित करत बसले होते. आपल्याकडं विज्ञानाची बातमी यान उडताना होते. खरं काम आधी होऊन गेलेलं असतं, आणि ते करणाऱ्याचं नाव आपल्याला माहीत नसतं. असो.

मामा : बरं, मोजलं तुम्ही. आता माझा मूळ मुद्दा. तुमच्या यंत्राला एका दिशेला रोखता येतं?

भाची : नाही. त्याला सगळं आकाश एकदमच ऐकू येतं.

मामा : मग हे बघ. नवरात्रात देवळाच्या आवारात पन्नास संबळ एकदम वाजतात. गोंधळ्यांच्या पोराला विचार, आपल्या बापाचा संबळ तो ओळखेल. पण पन्नासच्या पन्नास वेगळे काढून दाखव म्हटलं तर? तुझ्याकडं पन्नास नाहीत, कोट्यवधी आहेत.

भाची : खरंय. सगळे वेगळे निघणार नाहीत, असं आम्हीच म्हणतो. पण किती निघतील ते ऐका. समजा वर्षभर ऐकलं. वर्षात सुमारे तीन कोटी सोळा लाख सेकंद. दोन लहरींच्या वारंवारतेत किमान किती फरक असला तर त्या वेगळ्या कळतील? एक भागिले तेवढे सेकंद. म्हणजे ३२ नॅनोहर्ट्झ. तेवढ्या रुंदीचे खण पाडत गेलं तर शून्यापासून एक मिलिहर्ट्झपर्यंत खण होतात ३१-३२ हजार.

मामा : आणि तेवढ्यात कोट्यवधी जोड्या कोंबायच्या. एकेका खणात शेकड्यांनी.

भाची : त्या भागात, हो. तिथं नुसता गलका राहणार, आणि आम्ही त्याला गलकाच म्हणणार. पण जोडी जसजशी जवळ येते तसतशी ती जास्त घाईनं जवळ येते. जलद फिरण्याच्या अवस्थेत ती थोडाच काळ राहते. म्हणून वरच्या वारंवारतेला जोड्या विरळ होत जातात. तीनेक मिलिहर्ट्झच्या वर गेलं की खण जास्त आणि जोड्या कमी. तिथून एकेक सुटी होऊ लागते. सगळ्या मिळून दहा हजारांच्या वर जोड्या सुट्या ओळखता येतील, असा अंदाज आहे.

मामा : सुटी झाली, पण आकाशात कुठं? संबळवाला कुठल्या कोपऱ्यात बसलाय, ते कळलं का?

भाची : त्यासाठी वर्ष लागतं. लिसा सूर्याभोवती फिरते, सेकंदाला तीस किलोमीटरनी. प्रकाशाच्या वेगाचा दहा हजारावा भाग. सहा महिने ती त्या जोडीकडं जाते, सहा महिने लांब. त्यामुळं लहरीची वारंवारता वर्षभरात पुढं-मागं सरकते. पाच मिलिहर्ट्झची लहर असेल तर जास्तीत जास्त पंधरा खण इकडं, पंधरा तिकडं. पिकरिंगनी वर्णपटात तारा हलताना पाहिला. इथं ऐकणाराच हलतो, गणित तेच. शिवाय त्रिकोण वर्षभर कलंडत जातो, म्हणून लहर कधी मोठी कधी बारीक लागते. दोन्ही चढउतार जुळवले की दिशा सापडते.

मामा : किती नेमकी?

भाची : पाच मिलिहर्ट्झच्या लहरीची लांबी सहा कोटी किलोमीटर. ऐकणाऱ्याची कक्षा तीस कोटी किलोमीटर रुंद. लहर गोंगाटाच्या शंभरपट असेल तर दिशा पूर्ण चंद्राच्या बिंबाएवढ्या तुकड्यात बसवता येते.

मामा : आणि एक मिलिहर्ट्झची, जेमतेम ऐकू येणारी असेल तर?

भाची : सात-आठ अंश. कधी त्याहून वाईट.

मामा : म्हणजे हात लांब करून मूठ धरली तर तिच्यामागं झाकलं जाईल जवळजवळ तेवढं आकाश. त्यात तारे किती, मोजून ये उद्या सकाळपर्यंत.

हा घाव बरोबर बसला होता. मामांच्या आक्षेपाचं मला जे पटतं ते हेच. गुरुत्वीय लहरींवरच्या लेखांत उत्तम उदाहरणं पुढं येतात, शंभरपट वगैरे, आणि वाचणाऱ्याला वाटतं की सगळंच तसं आहे. बहुसंख्य जोड्या मात्र काठावरच्या असणार.

मामा : आणि अजून एक. लहर मोठी लागली. जोडी जड आहे म्हणून की जवळ आहे म्हणून?

भाची : नुसत्या उंचीवरून नाही सांगता येत.

मामा : मग?

भाची : वारंवारता वाढते आहे का ते बघायचं. लहरींतून ऊर्जा जाते, जोडी आकसते, फेरी जलद होते. किती जलद, ते त्यांच्या वस्तुमानावर ठरतं. वस्तुमान कळलं की लहरीच्या उंचीवरून अंतर निघतं. एक खरं उदाहरण देते. भूतप तारकासमूहात, म्हणजे तुमच्या वसिष्ठ आणि स्वातीच्या पूर्वेला, एक जोडी आहे. तिला नाव नाही, नुसता क्रमांक : झेडटीएफ जे १५३९+५०२७. फेरी ६.९१ मिनिटांची. दोन्ही तारे मिळून आख्खी कक्षा शनीच्या पोटात मावेल. २०१९ मध्ये कॅलटेकमधल्या केविन बर्ज या विद्यार्थ्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शोधली, झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी या आकाश-पाहणी योजनेच्या नोंदींतून. ती योजना उभी केली श्रीनिवास कुलकर्णींनी.

मामा : कुरुंदवाडचे?

भाची : जन्म कुरुंदवाडचा, हो. वाढले हुबळीत.

मामा : नरसोबाच्या वाडीशेजारचं गाव. बरं, पुढं.

भाची : ती जोडी आपल्या दृष्टिरेषेत अशी फिरते की एक तारा दुसऱ्याला झाकतो. प्रत्येक फेरीत ग्रहण. त्या ग्रहणांच्या वेळा मोजल्या तर फेरीचा काळ वर्षाला पाऊण मिलिसेकंद कमी होतो आहे. दोनेक लाख वर्षांत ते एकमेकांना भिडतील. लिसाला ही लहर ४.८ मिलिहर्ट्झवर दिसेल आणि चार वर्षांत ती चार-पाच खण वर सरकलेली असेल. चार वर्षांचे खण ८ नॅनोहर्ट्झचे, म्हणून. वस्तुमान निघेल, अंतर निघेल.

मामा : आणि हीच जोडी एक मिलिहर्ट्झवर असती तर?

भाची : (जरा थांबून) वारंवारता वाढायचा वेग तीनशेपटींनी कमी झाला असता. चार वर्षांत एका खणाचा सुमारे सत्तरावा भाग. कळलं नसतं.

मामा : म्हणजे जड का जवळ, हे बहुतेकांच्या बाबतीत सांगता येणार नाही.

भाची : बऱ्याच जणांच्या बाबतीत, नाही.

मामा : लिहून ठेव हे.

भाची : लिहिलेलंच आहे, मामा! सगळ्या शोधनिबंधांत लिहिलेलं असतं. तुम्हाला वाटतं तेवढे आम्ही भोळे नाही. पण जिथं कळतं तिथं काय काय कळतं तेही बघा. वारंवारता वाढत नसून कमी होत असेल, तर एक तारा दुसऱ्याचं द्रव्य ओढून घेतोय असं धरता येतं; तेव्हा जोडी आकसायच्या ऐवजी फाकते. आणि श्वेत बटू की न्यूट्रॉन तारा, हेही वेगळं काढता येतं. श्वेत बटूंच्या जोडीची कक्षा जवळजवळ गोल झालेली असते, कारण जवळ येताना ती एकाच वायूच्या कवचात घोळून निघते. न्यूट्रॉन तारा स्फोटातून जन्मतो. त्या धक्क्यानं कक्षा लांबट होते. १९७४ साली हल्स आणि टेलर यांनी शोधलेली जोडी तशीच आहे, पावणेआठ तासांची, भलतीच लंबवर्तुळाकार. गोल कक्षेतून फेरीच्या दुप्पट वारंवारतेचा एकच स्वर येतो. लांबट कक्षेतून एकपट, दुप्पट, तिप्पट असे बरेच. ते एकत्र ऐकू आले की श्वेत बटू नव्हे, हे कळलं. दुर्बिणीत दोन्हींचा ठिपका सारखाच दिसला असता, दिसला असता तर.

मामा : हे छान आहे. हे मला पटलं.

भाची : (माझ्याकडं बघून) काका, तारीख लिहून ठेवा.

मामा : पटलं म्हणजे सगळं नाही. आता शेवटचं विचारतो. ह्या दहा हजार जोड्या तुम्ही एकेक करून काढणार?

भाची : एकेक करून नाही निघत. एक काढायला गेलं की शेजारची बिघडते. सगळ्यांचा हिशेब एकदम मांडायचा. किती जोड्या आहेत, हा आकडासुद्धा आधी माहीत नाही. तोही त्या हिशेबातून निघायचा.

मामा : आणि एकाच खणात, आकाशाच्या एकाच तुकड्यात दोन जोड्या असल्या तर? तुमचं गणित त्यांची मिळून एक खोटी जोडी बनवणार. तिला वस्तुमान देणार, अंतर देणार, क्रमांक देणार. जी कुठं नाहीच, तिला! दुर्बिणीत असं झालं तर मी दुसरी मोठी दुर्बीण आणतो. तुमचं यंत्र एकच.

भाची : अशा चुका होतात, कबूल. म्हणूनच सराव चालू आहे. खोटी नोंद तयार करतात, तिच्यात कोट्यवधी जोड्या घालतात आणि जगभरच्या गटांना देतात, की काढा बघू. उत्तर फक्त घालणाऱ्याकडं. कोण किती खऱ्या काढतो, किती खोट्या, ते उघड होतं. वेगवेगळ्या रीतींनी केलेले हिशेब ताडून बघतात.

मामा : ते गणित बरोबर आहे का, ते बघणं झालं. आकाश बरोबर आहे का, ते नव्हे.

भाची : त्यासाठी पडताळणीच्या जोड्या आहेत. ही भूतपातली, ती कर्केतली, एएम कॅनम व्हेनॅटिकोरम नावाची एक सतरा मिनिटांची. ह्यांची फेरी, दिशा आधीच प्रकाशातून माहीत आहे. लिसा चालू झाली आणि ठरल्या वारंवारतेला, ठरल्या दिशेनं, ठरल्या उंचीच्या ह्या लहरी सापडल्या नाहीत, तर चूक आकाशाची नसेल, आमची असेल. आणि यंत्र एकच राहील असंही नाही. चीनची 'त्यानचिन' योजना आहे. तिच्या त्रिकोणाचं प्रतलच त्या कर्केतल्या एचएम कॅन्क्रीकडं तोंड करून आखलंय.

मामा : म्हणजे शेवटी प्रकाशातूनच पडताळायचं. मी हेच तर म्हणतोय मघापासून!

भाची : आणि प्रकाशातून जे कधीच दिसलं नसतं ते लहरीतून यादीत येणार, हे मी म्हणतेय मघापासून. भूतपातली जोडी विसाव्या प्रतीच्या आसपासची आहे. तुमच्या ह्या दुर्बिणीला ती दिसते का?

मामा : माझ्या दुर्बिणीचं काढू नकोस.

खालून मामींनी दूध गार होतंय म्हणून हाक मारली आणि वाद तिथंच थांबला. मिटला नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला पुन्हा निघाला असणार.

मला विचाराल तर, 'लहरीतून ओळखणं हे ओळखणंच नव्हे' ही मामांची भूमिका टिकत नाही. वर्णपट मानला की लहर मानावी लागते. हलणाऱ्या ताऱ्याऐवजी हलणारा ऐकणारा, एवढाच फरक. भाचीचं एक म्हणणं तर फार मोलाचं आहे. लायगोनं २०१५ मध्ये ऐकलेली कृष्णविवरांची टक्कर पाव सेकंदाचीही नव्हती. श्वेत बटूंची जोडी मात्र लाखो वर्षं एकच सूर धरून असते. ती कुठं पळून जात नाही. जितकं जास्त ऐकाल तितके खण अरुंद होतात, आणि काल गलक्यात असलेली जोडी उद्या सुटी होते. लिसाची ठरलेली मुदत साडेचार वर्षांची आहे. ती वाढली तर यादीही वाढेल.

पण मामांनी धरलेली दुसरी बाजू मी सोडणार नाही. लिसाची यादी प्रसिद्ध होईल तेव्हा तिच्यात दहा हजार ओळी असतील आणि सगळ्या ओळी सारख्याच टंकात छापलेल्या असतील. भूतपातल्या जोडीची ओळ आणि मुठीएवढ्या आकाशात कुठंतरी असलेल्या, जड का जवळ ते न कळलेल्या जोडीची ओळ, दिसायला सारखीच. त्या दोहोंची खात्री सारखी नाही. यादी वापरणाऱ्यानं प्रत्येक ओळीपुढची खात्री वाचली पाहिजे, आणि आपल्यासारख्या वाचकांनी 'दहा हजार तारे सापडले' अशी बातमी आली की त्यांतले किती प्रकाशातही पाहिले, एवढा एक प्रश्न विचारला पाहिजे. आज अशा पडताळलेल्या जोड्या जेमतेम काही डझन आहेत. २०३५ च्या आत ती संख्या वाढवायची तर ते काम लिसाचं नाही. ते झ्विकी योजना जिथं चालते त्या पालोमारसारख्या जमिनीवरच्या दुर्बिणींचं आहे, आणि ते आत्ताच करायचं आहे.